आजाऱ्याला कोण शिवतो?

दलित आत्मकथनांवर गेल्या अर्धशतकात मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाङ्मयप्रकारावर लिहिले गेले असेल. भूक, पाणवठा, शाळा, देऊळ, बलुते, शहरातली नोकरी आणि त्या नोकरीत चोरावी लागलेली जात, या सगळ्यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली, चर्चासत्रांचे जाडजूड ग्रंथ निघाले. पण या आत्मकथनांच्या पानापानावर जो आजारी माणूस पडलेला आहे, त्याच्यापाशी आमची समीक्षा कधी बसली नाही. बाळंतपणात गेलेली बाई, हगवणीने गेलेले धाकटे भावंड, क्षयाने खंगलेला बाप ही माणसे समीक्षेत येतात ती ‘दाहक वास्तव’ या दोन शब्दांखाली. दाहक म्हटले की समीक्षकाचे काम संपते. हा दाह कोणी लावला, तो विझवणे कोणाचे काम होते आणि त्याने ते का केले नाही, हे प्रश्न पुढे यायला हवेत, ते येत नाहीत.

हा निव्वळ समीक्षेचा आळस असता तर त्यावर त्रैमासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की, आजाराचा प्रश्न आम्ही वाङ्मयात नीट वाचला नाही, म्हणून तो चळवळीतही नीट मांडला नाही. पाण्यासाठी आम्ही महाडला गेलो, देवळासाठी काळारामाच्या दारात बसलो, विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढलो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कुलूपबंद दारासमोर मात्र त्या संख्येने आणि त्या त्वेषाने कधी बसलो नाही. आजार हे ज्याचे त्याचे दैव आणि दवाखाना हा ज्याच्या त्याच्या खिशाचा मामला, अशी समजूत आमच्याही डोक्यात घर करून आहे. ती समजूत कुठून आली याचा शोध घेणे हे साहित्यसमीक्षेचे काम आहे असे मी मानतो.

मी पदवीच्या वर्गाला मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्हाला एका दलित आत्मकथनातला बाळंतपणाचा प्रसंग नेमलेला होता. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना बहुतेक पोरांनी एकच वाक्य लिहिलेले आढळले : ‘या प्रसंगातून दलित समाजातील अज्ञान व अंधश्रद्धा यांचे प्रभावी चित्रण लेखिकेने केले आहे.’ वाक्य गाइडातले होते, हे सांगायला नको. एका मुलीने मात्र उत्तराच्या शेवटी तिच्या मनाने एक ओळ जोडली होती. दवाखाना किती लांब होता आणि तिथे यांना आत घेतले असते का, हे धड्यात दिलेले नाही, असे तिने लिहिले होते. परीक्षेच्या नमुना उत्तरात या ओळीला गुण नव्हते. पण त्या गठ्ठ्यातली खरी समीक्षा तेवढीच होती.

अंधश्रद्धा हा शब्द आमच्या समीक्षेत फार सोयीने वापरला जातो. तो वापरला की दोष आजारी माणसाच्या पदरात पडतो आणि बाकीचे सगळे सुटतात. जोतीरावांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाकडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि शंभराहून अधिक वर्षे ते छापलेही गेले नाही. त्यात काय आहे? एक गरोदर कुणबीण आहे. तिच्या पोटातल्या बाळावर ग्रहांची वाकडी नजर आहे असे सांगून एक जोशी तिला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. मराठी नाटकाच्या अगदी आरंभीच्या काळात लिहिल्या गेलेल्या या नाटकाचा विषय गरोदर बाईची भीती हा आहे, ही गोष्ट आम्ही पुरेशी लक्षात घेतलेली नाही. जोतीराव त्या बाईला अडाणी म्हणून हिणवत नाहीत. भीती कोण पेरतो, ती कोणाच्या पथ्यावर पडते आणि अनुष्ठानाचे पैसे कोणाच्या घरात जातात, हे ते दाखवतात. अज्ञान हा त्यांच्या लेखी एक धंदा आहे आणि धंद्याला मालक असतो.

ही दृष्टी घेऊन बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचले तर काय दिसते? कोवळ्या पोरींची बाळंतपणे, न शिकलेल्या सुइणींचे हात, बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नाही, आणि भोवती देव, अंगात येणे, नवस. यातले अंगात येणे समीक्षकांना दिसले, कारण ते दिसण्याजोगे आहे. बाळंतिणीची भूकही काहींना दिसली. पण त्या साऱ्या गोतावळ्यात वैद्य नाही, डॉक्टर नाही, नर्स नाही, ही अनुपस्थिती कोणाला दिसली नाही. जे पानावर नाही ते वाचणे हेही समीक्षकाचे काम असते. महारवाड्यात देवऋषी येत होता. तो कपाळावर हात ठेवत होता, अंगारा लावत होता. वैद्य येत नव्हता. ज्या वस्तीत आजाऱ्याच्या अंगाला हात लावणारा एकच माणूस येतो, त्या वस्तीने त्याच्यावर विश्वास ठेवला तर त्याला निव्वळ अज्ञान कसे म्हणावे? मी देवऋषाची तरफदारी करीत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा हा हिशेब आम्ही चुकता केलेला आहे. पण देवऋषी घालवला म्हणजे डॉक्टर आपोआप येतो, असे कोणी समजू नये.

हे कळण्यासाठी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे इंग्रजी लेखन पाहावे. त्याची चर्चा होते ती त्यांच्या स्वतःच्या अनुभवांसाठी : लहानपणीचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्यातली पारशी वसतिगृहातून झालेली हकालपट्टी, दौलताबादच्या किल्ल्यावरचे पाणी. पण त्यात बाबासाहेबांनी एक प्रसंग दुसऱ्याचा घेतला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो कबूल झाला, पण वस्तीबाहेर. मग त्या ओल्या बाळंतिणीला तान्ह्यासकट रात्रीच्या वेळी वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याच्या हातात दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असे निदान केले. पुढे दुखणे वाढले तेव्हा फी हातात पडूनही तो पाहायला आला नाही. बाई गेली.

या प्रसंगावर आमच्याकडे जेवढे थांबायला हवे होते तेवढे आम्ही थांबलेलो नाही. यातला नवरा शिक्षक आहे, म्हणजे तो अज्ञानी नाही. तो देवऋषाकडे गेलेला नाही, डॉक्टरकडे गेलेला आहे. त्याच्याजवळ फी आहे. गावातली वजनदार माणसे त्याच्या बाजूने बोलली आहेत. डॉक्टर हजर आहे, औषध आहे, थर्मामीटर आहे. म्हणजे आरोग्यसेवेच्या अभावाची जी जी कारणे आजचे अहवाल देतात, म्हणजे अशिक्षितपणा, गरिबी, अंतर, साधनांची कमतरता, त्यांपैकी एकही येथे लागू पडत नाही. तरी बाई मेली. उरले काय? डॉक्टरचा हात आणि बाळंतिणीचे मनगट यांच्यामधली जागा. ती जागा अंतराने मोजता येत नाही. तिथे एक तिसरा माणूस उभा करावा लागला, ज्याच्या हाताने थर्मामीटर बाटणार नव्हते. पारा किती चढला हे डॉक्टरला कळले, पण छातीत काय चालले आहे ते कसे कळणार? छातीवर कान किंवा नळी ठेवावी लागते. नाडी हातात घ्यावी लागते. वैद्यकी हा सगळा स्पर्शाचाच व्यवसाय आहे. अस्पृश्यता आणि वैद्यकी या दोन गोष्टी एका माणसात एकत्र नांदू लागल्या की त्यांतली एक खोटी ठरते, आणि इथे कोणती खोटी ठरली ते उघड आहे. ‘शिवणे’ या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत हेही येथे आठवते. जखम शिवायची तर जखमीला शिवावे लागतेच.

बाबासाहेबांनी स्वतःच्या घरातले दुःख या लेखनात घातले नाही. त्यांची चार मुले लहानपणीच गेली, राजरत्न १९२६ साली गेला, रमाबाई १९३५ साली गेल्या. पण उदाहरण म्हणून त्यांनी निवडली ती एका अनोळखी शिक्षकाची बायको. हा निव्वळ संयम नव्हे, ही मांडणीची निवड आहे. आपले दुःख सांगितले असते तर वाचकाने हळहळ व्यक्त केली असती. या शिक्षकाचे सांगितल्यावर वाचकाला डॉक्टरकडे पाहावे लागते. आमच्या आत्मकथनकारांनी आणि त्यांच्या समीक्षकांनीही या निवडीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता याच प्रश्नाची उलटी बाजू. मराठी मुलखात अनेक गावांतून सुईण म्हणून मांगीण जात असे. पाटलाच्या वाड्यातही जात असे. नाळ कापणारा पहिला हात तिचा. म्हणजे ज्या हाताने भरलेली घागर बाटते त्याच हातात गावचे पोर पहिल्यांदा येते. हे कसे चालते? तर बाळंतपण हेच मुळी विटाळाचे. सोयर असते, बाळंतिणीची खोली वेगळी असते, आणि त्या विटाळाच्या मुदतीपुरता मांगिणीचा हात चालतो. मुदत संपली, आंघोळ झाली, खोली सारवली की मांगीण पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिला धान्य मिळे, लुगडे मिळे. तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान कधी मिळाला नाही. आडवे आलेले मूल वळवण्याचे जे कसब तिच्या बोटांत होते, ते कोणी लिहून ठेवले नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ असा होता. त्या बाईच्या जिद्दीला मी कमी लेखत नाही, अठराव्या वर्षी परक्या देशात एकटीने जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. पण त्या शीर्षकातला ‘आर्य’ हा शब्द काय काय वगळतो याचा विचार मराठीत किती झाला? आनंदीबाईंवर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. मांगीण सुईण दलित साहित्यातसुद्धा ओझरतीच येते.

विसरण्याची ही रीत १८९७ च्या प्लेगच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसते. मराठी माणसाला पुण्याचा प्लेग म्हटला की रँड आठवतो आणि २२ जून १८९७ ला त्याच्यावर झाडलेली गोळी आठवते. गोऱ्या सोजिरांनी घराघरात शिरून झडत्या घेतल्या, स्वयंपाकघरे आणि देवघरे बाटवली, ही तक्रार शालेय पुस्तकांपर्यंत पोचली आहे. सोजिरांचा जुलूम खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या वेळच्या तक्रारींत इस्पितळात सगळ्या जातींची माणसे एकत्र ठेवली जातात हीही एक ठळक तक्रार होती. मुंबईत त्या काळी जातीजमातींची वेगवेगळी प्लेग इस्पितळे निघाली ती याच भावनेतून. पुण्यातही स्वतंत्र हिंदू प्लेग इस्पितळ काढण्यात आले. मरणाच्या दारातही कोणाच्या शेजारी मरायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. आणि रँडच्या खुनाच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला, याच प्लेगने सावित्रीबाई गेल्या. त्यांनी डॉक्टर असलेल्या मुलाला, यशवंताला, बोलावून घेऊन हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगने ग्रासलेल्या एका पोराला त्यांनी अंगावर उचलून तिथे आणले आणि तो संसर्ग त्यांना झाला. एका वर्षातल्या, एका शहरातल्या या दोन घटना. एक राष्ट्रीय इतिहासात गेली. दुसरी कितीतरी काळ बहुजनांच्या घरगुती आठवणीत राहिली आणि अलीकडे जयंतीच्या भाषणात येऊ लागली. भाषणात तरी सावित्रीबाई येतात त्या शिक्षिका म्हणून. परिचारिका म्हणून त्या कोठे येतात? ‘महाराच्या पोराला उचलून नेले’ या एका कृतीत काठेवाडच्या डॉक्टरला बत्तीस वर्षे आधी दिलेले उत्तर आहे, हे आपल्याला कळायला हवे होते.

बाबासाहेबांच्या विधिमंडळातील कामाकडेही आम्ही साहित्याचे लोक फिरकत नाही. मुंबई कायदेमंडळात २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांसंबंधीचा ठराव मांडला, तो बाबासाहेबांनी तयार केलेला होता आणि सभागृहाने तो फेटाळला. हे सगळे आमच्या ‘आंबेडकरी जाणिवे’च्या व्याख्येत बसत नाही काय? आमची व्याख्या विद्रोह आणि नकार या दोन शब्दांभोवती फिरते. बाळंतिणीला पगारी रजा मागणे हा विद्रोह वाटत नाही, म्हणून तो आमच्या सौंदर्यशास्त्रात येत नाही.

पण १९२९ चा तो कायदा कारखान्यातल्या बाईपुरता होता. शेतातल्या, रस्त्यावरच्या, उसाच्या फडातल्या बाईपर्यंत असा आधार आजही नीट पोचलेला नाही. बीडच्या ऊसतोडणी मजूर बायकांचे प्रकरण २०१९ साली महाराष्ट्रभर गाजले. सरकारने समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांचा मोठा भाग खाजगी दवाखान्यांत झालेला होता. या बायकांत दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा कुणबीही आहेत. दारिद्र्याने त्या एका फडात आणल्या आहेत. फडात जोडपे म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. पाळीच्या दिवसांत कोपीत पडून राहणे परवडत नाही, धुण्यापुसण्याला पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाते, कंबर दुखते. डॉक्टरकडे गेले की तो म्हणतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

‘पिशवी’ हा शब्द येथे समीक्षकाने ऐकला पाहिजे. गर्भाशय हा शब्द पुस्तकात राहतो. फडातली बाई पिशवी म्हणते, आणि डॉक्टरही तिच्याशी बोलताना पिशवीच म्हणतो. रिकामी झालेली पिशवी फेकून द्यायची असते, तिच्यासाठी कोणी रडत नाही. तीस वर्षांची, पदरात दोन-तीन लेकरे असलेली बाई ‘पिशवी काढली’ असे जितक्या सहज सांगते, त्या सहजपणावर अजून दलित कथा लिहिली गेलेली नाही. जोतीरावांच्या नाटकातला जोशी आणि कॅन्सरची भीती घालणारा हा डॉक्टर यांच्यात अंतर किती आहे? जोशाने ग्रह दाखवले, हा सोनोग्राफीचा कागद दाखवतो. गरोदर कुणबिणीने उसने काढून ब्राह्मणभोजन घातले, तोडणीवाली उचल घेऊन ऑपरेशन करते आणि ती उचल फेडायला पुन्हा फडात जाते. सगळेच डॉक्टर असे असतात, असे माझे म्हणणे नाही. पण ज्या बाईला सरकारी दवाखान्यात बाई-डॉक्टर भेटत नाही आणि भेटली तरी नीट बोलत नाही, ती त्या दुकानदाराच्याच दारात जाणार. काठेवाडच्या डॉक्टरने हात लावला नाही म्हणून बाई मेली. येथे हात लावला तो पोटावर सुरी चालवण्यापुरता. दोन्ही ठिकाणी रुग्ण म्हणून तिचे ऐकून घेतले गेले नाही.

आमची पोरे डॉक्टर झाली की हे बदलेल, अशी एक आशा आम्ही बाळगली होती. ती अगदीच खोटी ठरली असे नाही. पण डॉक्टर होण्याच्या वाटेवर काय वाढून ठेवलेले असते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाची चौकशी थोरात समितीने केली, तिचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहातल्या वेगळ्या खोल्यांपासून तोंडी परीक्षेतल्या वागणुकीपर्यंत सगळे त्यात नोंदलेले आहे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. जी उद्या तोडणीवालीशी नीट बोलली असती, ती स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याआधीच गेली. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आले, तेव्हा ते कलावंतिणीच्या पोराने डॉक्टर होऊन दाखवल्याची यशोगाथा म्हणून वाचले गेले. ते लेखक २००७ साली अपघातात गेले. वैद्यकी शिकलेल्या माणसाने आपल्या आईच्या जातीतल्या बायकांच्या देहाचा वापर पाहिला आणि लिहिला, ही त्या पुस्तकाची अनन्य गोष्ट आहे. यशोगाथेच्या वाचनात ती हरवली. एकाचे वर जाणे आम्हाला फार आवडते. त्याच्या मागे राहिलेल्या वस्तीत दवाखाना आला का, हे विचारायचे आम्ही विसरतो.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ३३ टक्के गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात यायला नाकारतात असे नोंदलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ साली दिलेल्या अहवालानुसार भारतातली दलित बाई सरासरीने उच्चजातीय बाईपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते : ३९.५ विरुद्ध ५४.१. बाबूराव बागुलांच्या १९६९ च्या कथासंग्रहाचे नाव ‘मरण स्वस्त होत आहे’ असे होते. त्या नावाला आकडेवारीचा एवढा आधार मिळावा, हे काही भूषणावह नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेला २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ही चांगली पावले आहेत आणि चळवळीने ती राबवून घेतली पाहिजेत. पण जोतीरावांचे नाव दिलेली योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्या रोग्याच्या ठरावीक उपचारांचे आणि शस्त्रक्रियांचे पैसे भरते. ताप, खोकला, अंगावरून जाणे, पोरांची हगवण, म्हणजे ज्यात वस्तीतली माणसे रोज खंगतात, ते तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि कार्ड खिशात असल्याने कोणी खुर्ची देतो असे नाही. सरकारी इस्पितळात झाडूवाला आमचा, शवविच्छेदनाच्या खोलीत प्रेताला हात घालणारा पुष्कळदा आमचा, आणि बाकावर तासन्‌तास बसून राहिलेली म्हातारीही आमचीच. केसपेपरवर जात लिहिलेली नसते. पण आडनाव लिहिलेले असते, गावाचे नाव असते, आणि बोलीवरून वस्ती कळते.

काही ठिकाणी हे बदलले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. गावाने प्रथम नाके मुरडली असणार, पण पोर आजारी पडले की तिलाच बोलवावे लागले. कूपनलिकेची जागा दलित वस्तीत धरली गेली, म्हणजे पाण्यासाठी गावाला तिकडे यावे लागेल. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, येथे दलित बाई केवळ उपचार घेणारी राहिली नाही. तिचा हात हा उपचाराचा हात झाला. मांगीण सुईणीला जे विटाळाच्या मुदतीपुरते मिळत होते ते तिला बिनमुदत मिळाले. आज आशाताई गावोगाव आहेत, पण त्यांना पगार नाही, मोबदला आहे. म्हणजे लुगडे आणि धान्य यांचीच ती आधुनिक आवृत्ती आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे अवघड आहे.

आमच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही एक साधी नोंदवही सुरू केली आहे. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई गावात नेमकी कोठे बसते, एवढेच त्यात लिहायचे : अंगणवाडीत, मारुतीच्या पारावर, सरपंचाच्या ओट्यावर, समाजमंदिरात. मग मांगवाड्यातल्या, पारध्यांच्या पालावरच्या किती बायका त्या जागेपर्यंत आल्या, आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्याकडे ती गेली का. सरकारी तक्त्यात ‘सत्र घेतले’ एवढीच खूण असते, जागेचा रकाना असला तरी त्या जागेची जात त्यात येत नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे का करायचे, असा प्रश्न आमच्याच विभागात निघाला. मी म्हटले, ज्यांना ‘जिणं आमुचं’ शिकवायचे आहे त्यांनी हे आधी करावे. नोंदी पंधरा गावांच्या झाल्या आहेत. इतर तालुक्यांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांच्या अशा नोंदी करून संपादकांकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकांत त्या एकत्र मांडता येतील.